कुंपणाबाहेरचे कान

लातूर जिल्ह्यातल्या माणसाला आवाजाचं एक वेगळंच भान आहे, आणि ते त्याने हौसेने कमावलेलं नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. त्याच्या जवळजवळ वर्षभर आधीपासून त्या भागात लहान धक्के बसत होते, जमिनीतून गुरगुर ऐकू येत होती, आणि लोक ते भेटेल त्याला सांगत होते. पुढे लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास ८,००० माणसं गेली. त्या पिढीतल्या लोकांसमोर आजही कुणी जडसा पेटारा ओढला की बोलणं थांबतं. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा लोकांनी भर पावसाळ्यात रात्री घराबाहेर काढल्या. आवाज कुठून आला, किती वेळ राहिला, भांडी हलली की नुसत्या खिडक्या, हे त्यांना नेमकं सांगता येत होतं. ज्याला त्या आवाजाखाली झोपायचं असतं, त्याची नोंद अशी बारीक असते.

हे आठवायचं कारण विमानतळ. लातूरचा विमानतळ शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, चिंचोलीराववाडीच्या शिवारात आहे. १९९१ च्या सुमारास तो झाला. दोन किलोमीटरांहून लांब धावपट्टी आहे. २००८ च्या आसपास काही काळ मुंबईचं विमान येत होतं, मग ते बंद पडलं. २००९ मध्ये राज्याने लातूर, नांदेड, बारामती, उस्मानाबाद आणि यवतमाळ हे पाच विमानतळ रिलायन्सला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यानंतरच्या लातूरच्या विमानसेवेचा इतिहास म्हणजे मुख्यतः निवेदनांचा इतिहास आहे. व्यापारी संघटनेचं निवेदन, वकिलांचं निवेदन, प्रत्येक निवडणुकीत आश्वासन. धावपट्टी वाढवा, रात्री विमान उतरवण्याची सोय करा, मुंबई-पुण्याला सेवा द्या. या मागण्या रास्त आहेत आणि मी त्यांच्या विरोधात नाही. हृदयविकाराच्या रुग्णाला घेऊन रात्रभर सोलापूर रस्त्याने धावलेल्या कुटुंबाला विमानाचं कौतुक का असतं, ते सांगायला नको.

पण यातल्या एकाही निवेदनात आवाज हा विषय कधी डोकावलाय असं मला आठवत नाही. डोकावावा तरी कसा? जिथे विमानच क्वचित येतं, तिथे विमानाच्या आवाजाबद्दल तक्रार कोण करणार! आणि त्यातही हा जिल्हा असा की २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. अशा ठिकाणी शांततेची भाषा काढली की समोरचा म्हणणारच, पाण्याचं बघा आधी. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. तरीही मला वाटतं, विमानतळाच्या आवाजाचं नियोजन करायची खरी वेळ नेमकी हीच आहे. आज कुणाचा राग नाही, कुणाचा दावा नाही, बहुतेक जमिनी अजून मोकळ्या आहेत आणि मोजायला शांतता शिल्लक आहे. एकदा रोज दहा विमानं येऊ लागली की उरते ती फक्त भरपाईची भाषा.

आपल्या कायद्यात या विषयाला जागा आहे, पण ती विचित्र ठिकाणी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्र म्हणजे १० ते ६. विमानतळांसाठी २०१८ च्या जूनमध्ये केंद्राने वेगळी अधिसूचना काढली. वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त उड्डाणं-उतरणं होत असतील तर विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात दिवसा ७० आणि रात्री ६५, आणि १५,००० ते ५०,००० असतील तर दिवसा ६५ आणि रात्री ६०. डेसिबलचं गणित बेरजेचं नाही. कानाला साधारण दर दहाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे गावात ज्या माणसासाठी ४५ च्या वर नियम मोडतो, तोच माणूस विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात राहायला गेला तर ६० पर्यंत कायदा त्याला गप्प बसायला सांगतो. दुपटीहून बराच जास्त आवाज, तोच माणूस, तीच झोप.

आणि १५,००० च्या खाली? ती संख्या रोजच्या हिशेबाने ४१ येते, उड्डाणं आणि उतरणं मिळून. लातूर त्याच्या आसपासही नाही, म्हणून त्या अधिसूचनेच्या तक्त्यात लातूरला रकानाच नाही. यातली मेख अशी की लहान धावपट्ट्यांवर प्रवासी विमानं नसली की तिथे वैमानिक घडवणाऱ्या संस्था येतात. बारामतीत त्या आहेत. शिकाऊ विमान धावपट्टीला टेकतं, लगेच पुन्हा उठतं, गोल वळसा घालून परत येतं. एका तासात त्याच चार वाड्यांवरून किती फेऱ्या होतात ते त्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना विचारावं. ते विमान लहान असतं, मोठ्या जेटच्या मानाने त्याचा आवाज कमी, पण त्याला अंत नसतो.

मर्यादा म्हणून जे आकडे दिलेत ते सरासरीचे आहेत, आणि सरासरी ही चीज झोपेच्या बाबतीत फार लबाड निघते. ढोबळ हिशेब करून पाहा. रात्रीचे ८ तास म्हणजे २८,८०० सेकंद. त्यात एक विमान अर्धा मिनिट ८५ डेसिबलने घरावरून गेलं आणि बाकी सगळी रात्र निवांत गेली, तर सरासरी पडते ५५ च्या आसपास. अशी तीन विमानं गेली तर ६०. म्हणजे मधल्या गटातल्या विमानतळाजवळ घरातलं तान्हं मूल रात्रीतून तीन वेळा दचकून उठलं तरी कागदावर रात्र कायदेशीर आहे. ६५ ची मर्यादा असेल तर ते नऊ वेळा उठू शकतं. कागद खोटं बोलत नाही. त्याला जे विचारलं तेच तो सांगतो, आणि त्याला मुलाबद्दल कुणी विचारलेलंच नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीने हा धडा महागात घेतला. १९९४ मध्ये तिथल्या विमानतळावर तिसरी धावपट्टी सुरू झाली. त्याआधीच्या अहवालात सरासरी आवाजाच्या रेषा काढलेल्या होत्या आणि रेषेबाहेरच्या लोकांनी सरळ अर्थ घेतला की आपल्याकडे आवाज येणार नाही. मग विमानं येऊ लागली आणि तक्रारींचा पूर आला, त्यातल्या बऱ्याच रेषेबाहेरून. तिथल्या सिनेटने चौकशी समिती नेमली. २००० साली त्यांच्याच वाहतूक खात्याने एक चर्चापत्र काढून मान्य केल्यासारखं केलं की लोकांना सरासरी कळत नाही आणि कळायची गरजही नाही. त्यांना सांगा, तुमच्या घरावरून दिवसाला किती विमानं जातील, कुठल्या वेळी जातील, आणि त्यातली किती ७० डेसिबलच्या वर असतील. किती तास अजिबात विमान नसेल हेही सांगा. मला यात मोठी गोष्ट ही वाटते की तज्ज्ञांनी आपलं मोजमाप बदललं, आणि ते कुठल्या नव्या शोधामुळे नाही, तर शेजाऱ्यांच्या चिवट कुरकुरीमुळे.

आपल्याकडे शेजाऱ्याची कुरकूर कुठे नोंदवायची? २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार नव्या विमानतळासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, सगळ्याचं चित्रीकरण. किती लोक हवेत याला किमान संख्या नाही, त्यामुळे मंडप रिकामा असला तरी सुनावणी झाली. अहवाल जाडजूड, इंग्रजीत. मराठीत मिळतो तो सारांश. आवाजाचे नकाशे सहसा परिशिष्टात असतात आणि सारांशापर्यंत पोचेस्तोवर त्यांचं एक वाक्य झालेलं असतं, आवाज मर्यादेत राहील. त्या वाक्यावर काय हरकत घेणार? शिवाय २००९ च्या दुरुस्तीने इंधन भरण्याची सोय किंवा हवाई वाहतूक नियंत्रण नसलेल्या धावपट्ट्यांना यातून वगळलं. सुरुवात लहान ठेवली की प्रश्नच विचारला जात नाही, आणि मोठी होते तेव्हा ती आधीपासून तिथे असतेच.

महाराष्ट्रात विमानतळ म्हटलं की आंदोलन उभं राहतं ते जमिनीचं. नवी मुंबईत दहा गावं उठली, त्यांना विकसित जमिनीचे साडेबावीस टक्के मिळाले, आणि त्यामागे दि. बा. पाटलांच्या साडेबारा टक्क्यांच्या लढ्याचं आणि जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात गेलेल्या पाच माणसांचं पुण्य आहे. पुरंदरला पारगाव, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, उदाचीवाडी, वनपुरी, खानवडी ही सात गावं २०१६ पासून लढतायत. खानवडी तर जोतीराव फुल्यांच्या घराण्याशी जोडलेलं गाव. या सगळ्या लढ्यांत प्रकल्पग्रस्त म्हणजे ज्याचा सातबारा गेला तो. त्याची यादी होते, त्याला दाखला मिळतो, त्याच्या नातवाच्या नोकरीच्या अर्जातही त्या दाखल्याचा उपयोग होतो. पण कुंपणाच्या शेजारच्या गटनंबरवाल्याचं काय? त्याची जमीन गेली नाही. उलट तिचा भाव वाढला, म्हणून गाव त्याला नशीबवान समजतं. त्याची झोप गेली, शाळेतल्या बाईंचं बोलणं दर वीस मिनिटांनी थांबू लागलं, तरी तो कुठल्याच यादीत बसत नाही. आवाजाने जे जातं त्याचा सातबारा निघत नाही. अडचण सगळी तिथेच आहे.

इंग्लंडने एकदा त्याचाही सातबारा काढून पाहिला होता. लंडनच्या तिसऱ्या विमानतळाची जागा ठरवायला १९६८ मध्ये रॉस्किल आयोग नेमला गेला. त्याने प्रत्येक जागेचे फायदे-तोटे पौंडांत मोजले, आवाजसुद्धा. एका पर्यायात स्ट्यूकली गावचं बाराव्या शतकातलं चर्च पाडावं लागणार होतं, तर त्याची किंमत म्हणून त्याच्या आगविम्याची रक्कम धरली गेली. लोक खवळले. आयोगाचे एक सदस्य, नगररचनाकार कॉलिन ब्यूकनन यांनी भिन्नमत लिहिलं. सरकारने आयोगाची जागा शेवटी नाकारली. मला त्या आयोगाचा राग येत नाही. त्यांनी निदान आवाजाला हिशेबात तरी घेतलं, आणि हिशेब उघड मांडला म्हणूनच लोकांना त्याला हसता आलं. आपल्याकडे हसण्यासाठीसुद्धा आकडा मिळत नाही.

शेजाऱ्यांना विचारायचं म्हणजे काय विचारायचं, यावर माझं मत जरा हट्टी आहे. विमानतळ हवा की नको, हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. लातूरमध्ये उत्तर ठरलेलं आहे, हवा. विचारायला हवं ते माणसं राहतात कशी. आणि मराठवाड्यात राहणं म्हणजे छपराची गोष्ट आली. विमानाचा आवाज भिंतीतून कमी आणि वरून जास्त येतो. भूकंपाआधी या भागातली जुनी घरं जाड दगडी भिंतींची आणि माळवदाची होती. लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, आणि आवाजालाही अशी घरं पक्की, कारण आवाज अडतो तो वजनाने. त्याच वजनाखाली १९९३ मध्ये माणसं चिरडली. तेव्हापासून ज्याला परवडलं त्याने सिमेंटचा स्लॅब टाकला, ज्याला नाही परवडलं त्याने पत्रे. पत्र्याच्या घराला आवाजापासून आडोसा जवळजवळ नाहीच. म्हणजे भूकंपापासून वाचायला लोकांनी जे छप्पर स्वीकारलं, तेच विमानाखाली सर्वांत उघडं पडतं. हीथ्रोच्या शेजाऱ्यांना १९६० च्या दशकापासून दुहेरी काचेच्या खिडक्यांना अनुदान मिळत आलं. चिंचोलीच्या वाडीत एप्रिल-मेमध्ये माणूस गच्चीवर नाही तर अंगणात बाज टाकून झोपतो. त्याला कुठली काच बसवणार?

हे परदेशी सल्लागाराला माहीत असणं शक्य नाही, मुंबईच्या सल्लागारालाही नाही. ते त्या वाडीलाच माहीत असतं. २०१७ च्या २५ मे रोजी निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाण करताना विजेच्या तारांना लागून कोसळलं, सुदैवाने सगळे बचावले. त्या तारा त्या गल्लीतल्या पोरांना रोज पतंग अडकवताना दिसत असणार. असो.

आणि विचारण्याची रीत या जिल्ह्याला परकी नाही, हे आपण फार लवकर विसरलो. भूकंपानंतर ५० हून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. त्यातल्या अनेक वसाहती आखीवरेखीव होत्या, रस्ते रुंद, घरं दूर दूर, आणि बायकांची तक्रार अशी की हाक मारली तर शेजारणीला ऐकू जात नाही. (एका अर्थाने तीही ध्वनिनियोजनाचीच तक्रार.) पण जी गावं जागेवर राहिली, तिथल्या घरांच्या दुरुस्तीच्या आणि मजबुतीच्या कामात वेगळी पद्धत वापरली गेली. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या त्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. अनुदान कशाचं, किती, गज कुठे टाकायचा, कोनांत बांधणी कशी करायची हे त्या घरोघर सांगत आणि घरोघरचं म्हणणं वर पोचवत. इंजिनीअर आठवड्यातून एकदा येणार, संवाद सहायक रोज तिथेच. ती व्यवस्था निर्दोष नव्हती. पण शेकडो गावांत ती चालली, म्हणजे ती चालू शकते. विमानतळाच्या विस्ताराला वर्तमानपत्रातली एक जाहिरात आणि एक मंडप पुरेसा का मानायचा, याचं उत्तर मला सापडत नाही.

शेतकऱ्याच्या नजरेला काय दिसतं याचं एक फार सुंदर उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर २००३ मध्ये एक नवी धावपट्टी सुरू झाली. उड्डाणापूर्वी विमान जमिनीवर जोर घेतं तेव्हाची जाड, घुमणारी घरघर सपाट मैदानावरून दूरच्या वस्तीपर्यंत पसरायची. भिंती घालून ती थांबेना. मग रहिवाशांच्या लक्षात आलं की शरद ऋतूत आसपासची शेतं नांगरली की आवाज उतरतो. संशोधकांनी तपासलं तर ते खरं होतं. नांगरटीच्या उंचसखल सऱ्या आवाजाच्या लाटा मोडत होत्या. पॉल द कॉर्ट या भूदृश्य कलावंताने त्यावरून मातीच्या सुमारे दीडशे लांब वरंब्यांचा एक बागवजा प्रदेश रचला, २०१३ मध्ये तो खुला झाला. वरंब्यांमध्ये लोक सायकली फिरवतात. वरून जाणाऱ्या विमानाच्या आवाजावर याचा उपाय नाही, फक्त जमिनीवरच्या आवाजावर आहे. पण आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात खोल नांगरून ढेकळांसकट तापत ठेवलेली असते, हे ज्याने पाहिलंय त्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. धावपट्टीच्या टोकाशी प्लॉट पाडायचे की शेतच राहू द्यायचं, या प्रश्नाला तिथे एक नवी बाजू मिळते.

प्लॉटचंच बोललं पाहिजे, कारण गोष्ट तिथे बिघडते. विमानतळ जाहीर झाला की आधी विमान येत नाही, फलक येतो. विमानतळापासून इतक्या मिनिटांवर, एनए प्लॉट, बँक लोन उपलब्ध. विमानतळाच्या आसपास इमारत किती उंच बांधायची यासाठी ना-हरकत घ्यावी लागते, कारण उंच घर विमानाला धोका. विमान घराला काय करेल, यासाठी प्लॉट घेणाऱ्याला कुणी कागद दाखवत नाही. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्यात लोक आपल्या गटावर पडलेलं आरक्षण उठवण्यासाठी रांगा लावतात, आणि ते स्वाभाविकही आहे. धावपट्टीच्या रेषेत शाळा, दवाखाना, वसतिगृह नको, तिथे गोदामं, आडत, शेती राहू द्या, अशी हरकत कुणी घेतल्याचं ऐकलं नाही. नांदेडला २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने विमानतळ नव्याने उभा राहिला आणि शहर त्याला भिडलेलंच आहे. लातूरच्या धावपट्टीभोवती अजून सोयाबीन आणि तूर उभी असते.

लातूरने आवाजाचा विचार आत्ताच करावा याला आणखी एक कारण आहे. हे शहर अभ्यासावर जगतं. लातूर पॅटर्न म्हणून जे राज्यभर गाजलं त्याच्या मागे राजर्षी शाहू, दयानंद यांसारखी महाविद्यालयं आहेत, शिकवण्या आहेत, आणि बाहेरगावच्या हजारो मुलामुलींच्या खोल्या नि अभ्यासिका आहेत. पहाटे चारला उठून वाचणारं पोर हा इथला ओळखीचा माणूस. त्या खोल्या आज शहरात आहेत, उद्या जागा स्वस्त म्हणून विमानतळाच्या वाटेवर सरकतील. रात्रीच्या उतरण्याची मागणी करताना कुठल्या वेळेपर्यंत, हे विचारणारी पहिली मंडळी तीच असायला हवी. आणि मोजायलाही तीच बरी. अकरावी-बारावीच्या पोरांना डेसिबल शिकवावा लागत नाही. चिंचोलीराववाडीच्या चार बाजूंना, पत्र्याच्या घरात, स्लॅबच्या घरात, शाळेच्या व्हरांड्यात आणि अंगणातल्या बाजेवर, दिवसा-रात्रीची शांतता महिनाभर मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवायची. पुढे विस्ताराचा अहवाल येईल तेव्हा त्यात आधीचा आवाज म्हणून कुठला आकडा लिहिलाय, तो पडताळायला दुसरा कागद गावाकडे असेल. ठराव १ मेच्या ग्रामसभेत घेतलेला बरा. जूनला पेरणी लागली की माणसं सापडत नाहीत.